घरबसल्या कामाची ऑफर आली: आधी काय तपासायचं, नंतर काय

सांगलीत विश्रामबागला माझं झेरॉक्स-प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. लोक घरात जे बोलत नाहीत ते आमच्याकडे प्रिंटला येतं. आधी ‘वर्क फ्रॉम होम’चं ऑफर लेटर, मग करारनामा, आणि पंधरा-वीस दिवसांत त्याच माणसाच्या नावाची लीगल नोटीस.

या लोकांनी काहीच तपासलेलं नसतं असं नाही. “दादा, मी गुगलला बघितलं होतं की, कंपनी खरी हाय,” हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं मीच विचारतो, “आधार पाठवायच्या आधी बघितलं का नंतर? आणि लिंक कुणी दिली?” उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. कागद पाठवून झाल्यावर बघितलं, आणि त्यांनीच पाठवलेल्या लिंकवर बघितलं. मार्केट यार्डात हळदीची कांडी मोडून बघतात ती बोली लावायच्या आधी, पट्टी हातात आल्यावर नाही. इथंही गडबड क्रमाचीच होते. म्हणून खाली क्रम दिलाय. एक पायरी पार पडल्याशिवाय पुढची चढू नका, आणि मधलीच गाळू तर अजिबात नका.

तयारी: ऑफर यायच्या आधीचा एक तास

पहिलं काम बायोडाटाचं. आपल्याकडे नोकरीचा आणि लग्नाचा बायोडाटा यांत फारसा फरक नसतो. वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, घरचा पूर्ण पत्ता, कधीकधी आधार नंबरसुद्धा. ऑनलाइन कामासाठीच्या बायोडाटात नाव, गाव, शिक्षण, येणारी कामं, ईमेल आणि एक मोबाइल नंबर एवढंच ठेवा. बाकीचं काम पक्कं झाल्यावर मागतील तेव्हा.

दुसरं, कामासाठी वेगळा ईमेल आणि वेगळं बचत खातं. ज्या खात्यात बचत आहे, पीक कर्ज आहे किंवा पेन्शन येते, ते या व्यवहारात आणायचंच नाही. वेगळ्या खात्यात गरजेपुरतीच शिल्लक ठेवा.

तिसरं, आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून ठेवा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. पूर्ण आधारची झेरॉक्स मोबाइलच्या गॅलरीत ठेवून मागेल त्याला पाठवायची सवय मोडायची तर हा सोपा उपाय आहे.

चौथं, एक वही. ऑफर कधी आली, कुठून आली, कोण बोललं, कोणत्या नंबरवरून. उद्या तक्रार करायची वेळ आली तर हीच वही उपयोगी पडते. नाही आली तर हिशेबाला होतेच.

आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.

> सावधान: “ही ऑफर मर्यादित आहे, कुणाला सांगू नका” असं कुणी म्हणालं तर पुढच्या पायऱ्या बघायची गरज नाही. खऱ्या मालकाला तुम्ही घरी सांगितल्याने काही फरक पडत नाही.

पायरी १: काम तुम्ही शोधलं, की कामाने तुम्हाला शोधलं?

वहीत पहिली ओळ हीच लिहा. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप आलं, न विचारता टेलिग्राम ग्रुपमध्ये टाकलं, इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली, एसटी स्टँडच्या खांबावर ‘घरबसल्या महिना २५,०००’ चिकटवलेलं दिसलं, या सगळ्यात कामाने तुम्हाला शोधलंय. असं काम खोटंच असतं असं मी म्हणत नाही, पण पुढच्या पायऱ्या तिथं दुप्पट कडकपणे लावायच्या.

तुम्ही स्वतः शोधायला गेलात तर जागा वेगळ्या असतात. केंद्राच्या कामगार मंत्रालयाचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि राज्याचं महास्वयं, दोन्हींवर नोंदणी मोफत आहे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं ‘करिअर’ पान असतं. नोकरी, लिंक्डइन, इंटर्नशाला आहेत. सुटी कामं घ्यायची तर अपवर्क, फायव्हर आहेत. या ठिकाणीही फसवे लोक जाहिराती टाकतात, पण त्यांची एक खोड असते. दोन मेसेज झाले की ते म्हणतात, “इथं नको, टेलिग्रामवर या.” अशा संकेतस्थळाबाहेर गेलात की तिथली तक्रारीची सोय आणि पैशाचं संरक्षण दोन्ही गेलं.

आमच्या भागातली बरीच खरी घरबसल्या कामं तर या कुठल्याच यादीत नसतात. सीएच्या ऑफिसचं टॅलीचं काम, दुकानदाराच्या मालाचे फोटो काढून ऑनलाइन लिस्टिंग करायचं काम, क्लासवाल्यांचे मराठी पेपर टाइप करायचं काम. ही ओळखीतून मिळतात, पैसे थोडे असतात, आणि देणाऱ्याचं दुकान डोळ्यांनी बघता येतं. साताऱ्याला राहत असाल तरी हेच. पोवई नाक्यापासून चालत जाता येईल अशा ऑफिसचं काम टेलिग्रामवरच्या ‘मल्टिनॅशनल’पेक्षा मला कधीही बरं वाटतं.

पायरी २: धंदा एका वाक्यात सांगा

कागद-पेन घ्या आणि लिहा, ‘मी अमुक करणार, ते तमुक माणसाला हवंय, म्हणून तो मला इतके पैसे देणार.’ वाक्य पूर्ण होत नसेल तर थांबा.

टायपिंगचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त लोक त्यातच जातात. जाहिरात म्हणते, एका पानाला १०० रुपये. पान ३०० शब्दांचं धरा. मराठी टायपिंगच्या सरकारी परीक्षेचा वेग मिनिटाला ३० शब्द. म्हणजे एका पानाला दहा मिनिटं, तासाला सहा पानं, ६०० रुपये. आठ तासांचे ४,८००. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,२०,००० रुपये, तेही परीक्षा पास होण्याइतक्याच वेगाला! आणि हल्ली मोबाइलचा कॅमेरा छापील पानावर धरला की अक्षरं काही सेकंदांत फुकट निघतात. मग लाखभर रुपये देणारा हा कोण, आणि त्याला त्यातून काय मिळतं?

हाच प्रश्न व्हिडिओ लाइक करायला, हॉटेलला पाच तारे द्यायला, नामांकित कंपनीच्या पेन्सिली घरी पॅक करायला लावून बघा. पेन्सिली भरायला कारखान्यात यंत्रं असतात. त्या कुरिअरने कुपवाडला पाठवून, भरून, परत नेण्याचा खर्च पेन्सिलीच्या किमतीपेक्षा जास्त होईल.

उलट ज्यांचं वाक्य पूर्ण होतं अशी कामं बघा. मराठीतून फोनवर ग्राहकांशी बोलायचं, ऑडिओ ऐकून मजकूर लिहायचा, भाषांतर करायचं, मुलांना ऑनलाइन शिकवायचं, जीएसटीची बिलं टॅलीत भरायची. प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे. आणि प्रत्येकात तुम्हाला काहीतरी यावं लागतं. ‘कसलंही शिक्षण नको, अनुभव नको, रोज दोन तास, पैसे खात्यात’ म्हटलं की विकायला ठेवलेला माल तुमचं कसब नसतं. ते तुमचं खातं असतं, नाहीतर तुमची कागदपत्रं.

पायरी ३: आधी कंपनी तपासा, मग माणूस

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथंच शिकली-सवरलेली माणसं चुकतात. कंपनी खरी असते. तिच्या नावाने बोलणारा माणूस तिचा नसतो.

कंपनीपासून सुरू करा. कंपनीचं पूर्ण नाव आणि सीआयएन नंबर, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक, मागा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तो टाकून बघायचा, पण त्याआधी नुसता नंबर वाचला तरी बरंच कळतं. सीआयएन २१ अक्षरांचा असतो. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, मग पाच आकडे व्यवसायाचे, मग दोन अक्षरं राज्याची, आणि त्यानंतरचे चार आकडे म्हणजे कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष. ‘१५ वर्षांचा विश्वास’ म्हणणाऱ्याच्या सीआयएनमध्ये गेल्या वर्षाचा आकडा निघाला की बोलणं संपलं.

जीएसटी नंबर दिला असेल तर तो १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅनची. या पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, ते ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘पी’ असेल तर एकटा माणूस. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणवणाऱ्याच्या नंबरात ‘पी’ दिसला तर नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी उचललाय. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर शोधता येतो. तिथं नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली हे दिसतं.

छोट्या स्थानिक धंद्यांकडे जीएसटी नसूही शकतो, उलाढाल मर्यादेखाली असेल तर लागतच नाही. तिथं पोर्टल बाजूला ठेवा आणि गाडी काढून दुकान बघून या.

आता माणूस. कंपनीचं संकेतस्थळ स्वतः शोधा, पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका. तिथला फोन किंवा ईमेल घ्या आणि विचारा, “तुमच्या नावाने अमुक व्यक्ती घरबसल्या काम देतेय, ती तुमचीच का?” पाच मिनिटांचा फोन. माझ्या दुकानात बसून हा फोन ज्यांनी लावला, त्यातल्या एकालाही आजवर “हो, आमचाच माणूस आहे” असं उत्तर मिळालेलं नाही. अर्थात, खऱ्या ऑफरवाले माझ्याकडे नोटीस प्रिंट करायला येत नाहीत, हेही आहेच.

> तपासा: ईमेल पत्त्यात ‘@’ नंतर काय आहे? मोठ्या कंपनीचा एचआर जीमेलवरून ऑफर लेटर पाठवत नाही. कंपनीच्या नावाला ‘-करिअर’, ‘-जॉब्स’, ‘-इंडिया’ अशी शेपूट लावलेलं डोमेन असेल तर ते कालच विकत घेतलेलं असू शकतं. ‘हू-इज’ शोधात डोमेन कधी नोंदवलं ती तारीख मिळते.

ऑफर लेटरवरचा अशोकस्तंभ, जीएसटी प्रमाणपत्राचा फोटो, कंपनीचं ओळखपत्र, यातलं काहीही पुरावा म्हणून धरू नका. असलं ओळखपत्र माझ्या दुकानात दहा मिनिटांत बनतं. मी बनवत नाही, पण बनतं.

पायरी ४: पैसा कुठल्या दिशेने चाललाय?

काम करणाऱ्याने आधी पैसे द्यायचे नाहीत. नियम एवढाच आहे, पण तो मोडायला लावणारी नावं रोज नवी निघतात. नोंदणी फी, किट, ट्रेनिंग, आयडी अ‍ॅक्टिव्हेशन, सॉफ्टवेअरचं लायसन्स, लॅपटॉपचा इन्शुरन्स, परत मिळणारी अनामत. सगळ्यात चलाख म्हणजे, “तुमचे १८,००० जमा झालेत, फक्त टीडीएसचे १,८०० भरा, लगेच सोडतो.” टीडीएस म्हणजे देणाऱ्याने कापून सरकारकडे भरलेला कर. तो तुमच्या रकमेतूनच कापतात, तुमच्याकडून आधी मागत नाहीत.

अपवाद आहेत, ते प्रामाणिकपणे सांगतो. फायव्हर तुमच्या कमाईतून २० टक्के कापतं. अपवर्कवर काम मागायचा अर्ज करायला ‘कनेक्ट्स’ लागतात, ते विकतही घ्यावे लागतात. पण तो पैसा जाहीर दराने संकेतस्थळाला जातो, काम देणाऱ्या माणसाच्या यूपीआयवर नाही. फरक इथंच ओळखा.

दुसरा प्रकार आपल्या भागात फार चालतो. ‘फुलवातीचं मशीन घ्या, कापराचं मशीन घ्या, तयार माल आम्हीच उचलतो.’ मशीन येतं, पहिला माल उचलतात, दुसऱ्या वेळी ‘क्वालिटी नाही’ म्हणून परत. माल विकत घेण्याच्या हमीवर माणूस किती भाळतो हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांत पैसे अडकलेले शेतकरी अजून भेटतात. इथं तपासणी सोपी आहे. तेच मशीन दुसऱ्या विक्रेत्याकडे केवढ्याला मिळतं विचारा. मग तयार माल ते पुढं कुठल्या दुकानात विकतात ते नाव मागा आणि त्या दुकानात जा. मशीन दुप्पट महाग आणि मालाच्या गिऱ्हाइकाचा पत्ता नाही असं दिसलं तर त्यांचा धंदा मशीन विकण्याचा आहे.

माणसं जोडून कमिशन मिळवायच्या कामातही हेच बघा. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार सामील व्हायला प्रवेश फी घेता येत नाही, आणि नुसती माणसं जोडल्याबद्दल पैसे देणारी पिरॅमिड योजना चालवता येत नाही. काकूंच्या ओळखीची बाई सांगतेय म्हणून हा नियम सैल होत नाही.

पायरी ५: करार सही करायच्या आधी वाचा, शेवटाकडून

कुपवाडच्या एक ताई मागच्या पावसाळ्यात आल्या. बरोबर नववीतली मुलगी. अकरा पानं रंगीत काढायची होती. पहिल्याच पानावर न्यायदेवतेचा तराजू, खाली लाल अक्षरात ‘अंतिम नोटीस’. त्यांनी पाच दिवसांत ६०० फॉर्म टाइप करायचं काम घेतलं होतं. फॉर्मचे फोटो मुद्दाम अंधूक, अचूकता ९८ टक्के हवी. साहजिकच ‘क्वालिटी चेक’ला नापास. आता ६,८०० रुपये भरा, नाहीतर कोर्ट, पोलिस, घरी अटक.

मी म्हटलं, “ताई, रंगीत नको, साधी काढू. आधी वाचू तर.”

नोटिशीत कलम होतं भारतीय दंड संहितेचं ४२०. काम घेतलं होतं आदल्या महिन्यात. दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झालीय, फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. आदल्या महिन्यातल्या कामाला जुनं कलम लावणारा वकील एकतर झोपलेला, नाहीतर वकीलच नाही. करार होता परराज्यातल्या स्टॅम्प पेपरवर. आणि पैसे भरायचे होते एका मोबाइल नंबरच्या यूपीआयवर.

अशी नोटीस आली तर लक्षात ठेवा. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही. दिलेलं टायपिंग जमलं नाही हा फौजदारी गुन्हा नाही. करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप देणं लागत नाही, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट फार तर वाजवी भरपाई ठरवतं. खरोखर केस दाखल असेल तर तिला १६ अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. ताईंनी नंबर मागितला, तर समोरून शिव्या आल्या आणि नंतर फोन बंद. कोर्टाचं खरं समन्स आलं तर मात्र दुर्लक्ष करू नका, ओळखीच्या वकिलाला दाखवा.

हे सगळं टाळायचं तर करार शेवटच्या पानाकडून वाचायला घ्या. दंड, नुकसानभरपाई, काम सोडायच्या अटी तिथंच दडलेल्या असतात. ‘काम कमी झालं तर पैसे कमी’ ही अट ठीक. ‘काम कमी झालं तर तुम्हीच पैसे द्यायचे’ ही अट दिसली की सही नाही. मोबाइलवर ‘आय अ‍ॅग्री’ दाबणं हीसुद्धा सहीच धरा.

पायरी ६: चाचणीचं काम आणि पहिला पैसा

खरं काम देणारा छोटी चाचणी घेतो. तासाभराचं काम, कधी मोफत, कधी थोडे पैसे. दोन-तीन दिवस फुकट राबवून घेणारा खोटा नसला तरी चिकट नक्की आहे, त्यालाही सोडा.

आता सगळ्यात महत्त्वाची चूक. ‘पहिले पैसे आले, म्हणजे काम खरं.’ नाही. टास्कवाल्यांचा सगळा खेळच पहिल्या पैशावर चालतो.

बुधगावचा एक पोरगा माझ्या खुर्चीत बसून मोबाइलमधला व्यवहार दाखवत होता, तो जसाच्या तसा सांगतो. तीन व्हिडिओ लाइक केले, १५० रुपये आले. मग टेलिग्राम ग्रुप. तिथं रोज लोक आपापल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकतात, ती सगळी त्यांचीच माणसं. मग ‘प्रीपेड टास्क’. १,००० भरले, १,३०० आले. ५,००० भरले, ६,५०० आले. मग तीन टास्कचा संच, मध्येच सोडता येत नाही. १२,०००, मग २८,०००. आता अ‍ॅपच्या पडद्यावर ५८,००० शिल्लक दिसते, पण काढायला गेलं की ‘तुमचा क्रेडिट स्कोअर ८० आहे, १०० करायला आणखी भरा’. मी त्याला म्हटलं, पैसे कुणाच्या नावावर गेले ते वाच. एक मोबाइल शॉपी, एक ट्रेडर्स, एका बाईचं नाव, प्रत्येक वेळी वेगळं. कंपनीचं नाव कुठंच नाही.

वाईट भाग पुढं आहे. त्याला आलेले ६,५०० हे दुसऱ्या कुठल्यातरी फसलेल्या माणसाचे होते. त्या माणसाने तक्रार केली की पैशाचा माग याच्या खात्यापर्यंत येतो, आणि खातं गोठतं. केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अशा अर्धवेळ कामाच्या आणि गुंतवणुकीच्या शंभरावर वेबसाइट बंद केल्या, पण नाव बदलून नवी उघडायला यांना वेळ लागत नाही.

> तपासा: पहिला मोबदला आला की रक्कम बघू नका, पाठवणाऱ्याचं नाव बघा. ते पायरी ३ मध्ये तपासलेल्या नावाशी जुळत नसेल तर पुढचं काम घेऊ नका आणि तो पैसा खर्चही करू नका.

पायरी ७: कागदपत्रं, एकेक करून

कामाचं ठरलं, नाव जुळलं, करार वाचून झाला, मगच कागद. पगार किंवा मोबदला द्यायला समोरच्याला तुमचं नाव, पॅन, खाते क्रमांक आणि आयएफएससी एवढं पुरतं. ओळखीसाठी मास्क्ड आधार. झेरॉक्सवर पेनने आडवं लिहा, ‘फक्त अमुक कंपनीच्या कामासाठी’, आणि तारीख.

ओटीपी, यूपीआय पिन, एटीएम कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड, सही केलेले कोरे चेक, तुमच्या नावाचं सिमकार्ड, यातलं काहीही कुठल्याच कामाला लागत नाही. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. समोरचा म्हणाला, “अ‍ॅपची फाइल पाठवतो, इन्स्टॉल करा” किंवा “स्क्रीन शेअर करा, मी सेटिंग करून देतो”, तर फोन ठेवा. प्ले स्टोअरबाहेरून आलेली फाइल मोबाइलमधले मेसेज वाचू शकते, म्हणजे ओटीपीही.

> सावधान: “तुम्ही काहीच करू नका, फक्त खातं द्या, येणाऱ्या रकमेवर दोन टक्के तुमचे.” हे काम नाही. चोरीचा पैसा फिरवायला भाड्याने दिलेलं खातं आहे ते. यात तुम्ही फसलेले ठरत नाही, आरोपी ठरता. गावाकडच्या कॉलेजच्या पोरांना हे पाच-दहा हजारांत गाठतात. घरात पोरगं असेल तर त्याला आजच सांगा.

चुकलंच तर: पहिला तास

पैसे गेले असं लक्षात आलं की आधी १९३० वर फोन. नातेवाइकांना नंतर. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उडायच्या आत अडवता आले तर तिथंच, म्हणून मिनिटं मोजा. फोन करताना तुमचा खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा. यूपीआयच्या व्यवहारात तो १२ आकडी असतो आणि अ‍ॅपमधल्या तपशिलात सापडतो. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर स्वतः तक्रार भरा. फोन लागला असेल तरी पोर्टलवरची तक्रार पूर्ण करावी लागते, पुष्कळ लोक ती अर्धवट सोडतात.

मग बँकेत लेखी कळवा. चॅट डिलीट करू नका, ग्रुपमधून लगेच बाहेर पडू नका. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, समोरच्याचा नंबर आणि यूजरनेम दिसेल असे. रागाने चार शिव्या देऊन ब्लॉक करणारे पुरावाच घालवून बसतात.

पोलिस ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ असं ऐकायला मिळालं तर शांतपणे शून्य क्रमांकाचा गुन्हा नोंदवायला सांगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. पैसे अजून गेलेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आलाय, तर संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सोयीत तो नंबर कळवा.

काही दिवसांनी आणखी एक फोन येईल. “तुमचे पैसे परत मिळवून देतो, फाइलचे ३,००० भरा.” तो वकील असेल, सायबर एक्सपर्ट असेल, कधी पोलिसच असल्याचं सांगेल. फसलेल्यांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात. अडवलेली रक्कम परत मिळते ती कायदेशीर प्रक्रियेने, तुमच्या बँकेतून, आणि त्यासाठी यूपीआयवर कुणी फी घेत नाही.

तक्रारीचा पोचक्रमांक वहीत लिहा. प्रिंट काढाल तेव्हा दोन प्रती काढा, एक बँक ठेवून घेते आणि दुसरीवर त्यांचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.